बरा वाटणारा गुडघा, बरा झालेला गुडघा

खुर्चीवर बसा, टाच जमिनीला टेकवा आणि ती मागे ओढल्यासारखी दाबून धरा. आता गुडघ्याच्या मागे, आतल्या अंगाला बोटं लावून बघा. ताठ, जाड, चिवट असं काहीतरी हाताला लागेल. मांडीच्या मागच्या स्नायूला हाडाशी जोडणारा हा कंडरा. तो काढून चौपदरी दुमडला आणि गुडघ्याच्या पोटात दोन हाडांमध्ये बसवला, तर काय होतं? पहिल्या काही आठवड्यांत त्यातल्या बहुतेक मूळ पेशी मरतात. मग शरीर त्या निर्जीव सांगाड्यात रक्तवाहिन्या घुसवतं, नव्या पेशी पाठवतं, जुने तंतू काढून नवे विणतं. वर्ष-दोन वर्षांत त्या कंडऱ्याचं रूप पालटतं आणि तो लिगामेंटसारखा, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्टीसारखा दिसू लागतो, लिगामेंटसारखं काम करू लागतो.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या हजारो खेळाडूंच्या शरीरात हे घडतं. ऑपरेशननंतर काय करायचं, काय टाळायचं आणि मैदानावर कधी उतरायचं, याची सगळी उत्तरं या संथ पुनर्जन्मात आहेत. तो समजला तर सुरक्षित सराव म्हणजे नुसती बंधनांची यादी वाटत नाही.

उड्यांचा कुठलाही खेळ घ्या, उदाहरणार्थ चीअरलीडिंग. ते म्हटलं की आपल्याला २००८ पासूनच्या आयपीएलमधल्या सीमारेषेवरच्या नर्तकी आठवतात. जगात मात्र हा उड्यांचा, कोलांट्यांचा आणि माणसाच्या खांद्यावर माणूस उभा करण्याचा स्पर्धात्मक खेळ आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला ऑलिंपिक समितीने २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. आपल्या मातीत याची भावंडं जुनी आहेत: दहीहंडीचे थर आणि मल्लखांब. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे, आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली होती.

आता आपल्याकडचं एक गाव घ्या. बीबी हे बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातलं, जुन्या नागपूर–मुंबई रस्त्यावरचं गाव. अशा गावातल्या मुलीच्या वाट्याला चीअरलीडिंग येत नाही. येते ती कबड्डी, खो-खो, लांब उडी, नाहीतर पोलीस भरतीसाठी पहाटेचं धावणं. पण खेळाचं नाव गुडघ्याला कळत नाही. थरावरून खाली येणारी मुलगी आणि चढाईत पाय लांबवून झटक्यात वळणारी मुलगी या दोघींचा गुडघा एकाच जागी तुटतो, आणि तो बरा होण्याची रीतही एकच आहे.

पाय टेकल्यावर चाळीस मिलिसेकंद

तुटतं ते एसीएल नावाचं लिगामेंट. गुडघ्याच्या मधोमध तिरकी बसलेली, साधारण ३ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर जाड अशी ही पट्टी नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पिळूही देत नाही. प्रयोगशाळेत ताणून पाहिलं तेव्हा तरुण माणसाचं एसीएल सुमारे २,१६० न्यूटन बळाला, म्हणजे जवळपास २२० किलो वजनाच्या ओढीला तुटलं. एवढीशी पट्टी आणि एवढी ताकद!

तरीही ती तुटते, आणि बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागता. अशा दुखापतींपैकी सुमारे ७० टक्के उडीवरून उतरताना, अचानक थांबताना किंवा दिशा बदलताना होतात. सामन्यांच्या चित्रफितींवरून संशोधकांनी ती घटना क्षणाक्षणाने उलगडली, तेव्हा दिसलं की पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत पट्टी तुटून जाते. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात गुडघा आत झुकल्याची बातमी मेंदूपर्यंत जाऊन स्नायू आवळले जाणं शक्यच नसतं. म्हणून गुडघा वाचवायचा तर पाय हवेत असतानाच स्नायू तयार हवेत. उतरण्याची सवय इतकी मुरलेली हवी, की विचार करायची गरजच पडू नये.

सारखाच खेळ खेळणाऱ्या मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये ही दुखापत दोन ते आठ पट जास्त आढळते. शरीराची ठेवण, संप्रेरकं अशी कारणं त्यात आहेतच. पण उतरताना गुडघा ताठ ठेवण्याची आणि तो आतल्या बाजूला पडू देण्याची सवय हेही एक मोठं कारण आहे. आनंदाची गोष्ट अशी, की ही सवय शिकवून बदलता येते.

हे संकट अव्वल खेळाडूलाही चुकत नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३,००० मीटर स्टीपलचेस धावतो. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, म्हणजे सव्वाआठ मिनिटांत ३५ वेळा झेप घेऊन उतरायचं. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या उडीपाशी तो पडला. एसीएल आणि गुडघ्यातल्या गादीला इजा झाली आणि मुंबईत शस्त्रक्रिया करावी लागली.

मरून पुन्हा जगणारा कंडरा

तुटलेलं एसीएल नुसतं शिवून सहसा टिकत नाही, म्हणून दुसऱ्या जागेचा कंडरा आणून नवं बांधायचं, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ मध्ये मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी वापरून असं ऑपरेशन केल्याचं मांडलं. पुढच्याच वर्षी टोकियोत केंजी ताकागी यांनी मूत्राशय पाहायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ती दुर्बीण घडवत नेली आणि १९६२ मध्ये तिच्या मदतीने गुडघ्यातल्या फाटक्या गादीचा तुकडा काढला. आज आपण ज्याला ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणतो, ते या दोन धाग्यांतून आलं.

आता अनेकदा मांडीच्या मागचे दोन कंडरे काढून चौपदरी करतात, वरच्या आणि खालच्या हाडात बोगदे पाडून त्यांतून ओवतात आणि बटण किंवा स्क्रूने पक्के करतात. हा चौपदरी कंडरा बसवण्याआधी प्रयोगशाळेत सुमारे ४,००० न्यूटन ताण पेलतो, म्हणजे मूळच्या जवळपास दुप्पट. आणि जिथून तो काढला तिथे काय उरतं? बऱ्याच रुग्णांमध्ये त्या जागी कंडऱ्यासारखी रचना पुन्हा वाढलेली एमआरआयमध्ये दिसते. वैद्यकीय लेखनात या प्रकाराला पालीच्या शेपटीचंच नाव मिळालं आहे.

पण खरी गोष्ट पुढे आहे. आतल्या पेशी मरतात, रक्तवाहिन्या शिरतात, जुने तंतू मोडून नवे रचले जातात, आणि या मोडतोडीच्या काळात तो कंडरा बसवला त्या दिवसापेक्षा कमजोर असतो. प्राण्यांवरच्या अभ्यासांत सर्वांत अशक्त काळ सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या आसपास दिसला. माणसात ही उलथापालथ आणखी सावकाश, कित्येक महिने चालते. बोगद्यातल्या हाडाला कंडरा धरायलाच आठ ते बारा आठवडे जातात.

आता तोच काळ मुलीच्या बाजूने पाहा. दोन-अडीच महिन्यांनी टाके विसरलेले असतात, सूज उतरलेली असते, कुबड्या कोपऱ्यात गेलेल्या असतात. ती जिना चढते, सायकल मारते. घरचे म्हणतात, “झाली की बरी!” आतला कंडरा मात्र त्या सुमारास अजून नाजूकच असतो. दुखणं थांबणं ही एक गोष्ट आणि पट्टी तयार होणं ही दुसरी; दोन्हींची घड्याळं वेगळी चालतात. ऑपरेशननंतरच्या सगळ्या सरावाचा पाया एवढाच आहे.

झोपी गेलेली मांडी

ऑपरेशननंतर दुसरं नवल दिसतं ते मांडीत. डॉक्टर सांगतात, “पाय सरळ ठेवून मांडी आवळ,” आणि मुलगी पूर्ण जोर लावते, पण स्नायू हलत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूला तर कुणी हातही लावलेला नसतो. मग बिघडलं काय?

निरोगी माणसांच्या गुडघ्यात संशोधकांनी थोडं मिठाचं पाणी सोडून पाहिलं. २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चार-सहा चमचे पाणी पुरलं, आणि गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या अंगाचा मांडीचा स्नायू मंदावला. वेदना नाही, जखम नाही. सांधा फुगला एवढ्या निरोपावर मज्जारज्जूने स्नायूची दोरी सैल सोडली. सुजलेल्या सांध्यावर भार पडू नये यासाठी शरीराने केलेली ही तजवीज. पण ती लांबली की मांडी बारीक होते, आणि बारीक मांडीला उतरण्याचा धक्का झेलता येत नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यांतली कामं साधी दिसली तरी पायाभूत आहेत. सूज उतरवायची, म्हणजे कपड्यात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक आणि पाय उंचावर. गुडघा पूर्ण सरळ होऊ द्यायचा. रात्री गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, पण गुडघा वाकडा धरून बसतो, म्हणून उशी घ्यायचीच तर टाचेखाली. आणि मांडीला जागं करायचं: पाय सरळ, वाटी वर ओढल्यासारखी मांडी आवळायची, सोडायची. सूज हा या सगळ्या काळातला सर्वांत खरा पंच आहे. आजच्या व्यायामानंतर उद्या सकाळी गुडघा फुगला, तर काल जास्त झालं.

पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तर मात्र वाट पाहत थांबायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आणि धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर तो तातडीचा प्रसंग समजून तत्काळ रुग्णालय गाठायचं.

उरलेलं शरीर खेळाडूच असतं

१८९४ मध्ये येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी एका प्रयोगात फक्त एका हाताला सराव दिला, आणि सराव न दिलेल्या दुसऱ्या हाताची ताकदही वाढलेली दिसली. तेव्हापासून हा परिणाम पुन्हा पुन्हा मोजला गेला आहे: एका बाजूचा जोराचा व्यायाम दुसऱ्या बाजूला साधारण ८ ते १२ टक्के ताकद देऊन जातो. दुसऱ्या बाजूचा स्नायू त्यात फुगत नाही. मेंदू स्नायूला हाक मारायला जास्त चांगलं शिकतो.

म्हणजे उजवा गुडघा बांधलेला असताना डाव्या पायाचा व्यायाम बंद ठेवणं हे दुहेरी नुकसान. धडधाकट पाय, पाठ, पोट, खांदे आणि दंड यांचा सराव डॉक्टरांनी होकार दिला की सुरू होऊ शकतो. चीअरलीडिंगमधली मुलगी या काळात बसून हातांच्या मुद्रा, ताल आणि धडाची ताकद घोटते. कबड्डीपटूला बसल्या जागी चढाईचा दम वाढवता येतो; ३० सेकंदांच्या चढाईत शेवटच्या दहा सेकंदांत दम कमी पडला की पाय चुकीचा पडतो, हे कुठलीही चढाईपटू सांगेल. संघाचे सामने पाहून कोणती बचावपटू घोटा धरते आणि कोणती साखळी लावते, हे टिपून ठेवता येतं.

नंतर पायऱ्या एकामागून एक येतात: चालणं, स्थिर सायकल, अर्ध्या बैठका, एका पायावर उभं राहणं, मग सरळ रेषेत धावणं, मग दोन पायांवर छोट्या उड्या, मग एका पायावर, मग वळणं, आणि अगदी शेवटी अंगाला अंग भिडणं. चढाईचे नुसते पाय आधी, ओळखीच्या जोडीदारासोबत हळू पकड नंतर, खरी पकड सर्वांत शेवटी. थरांच्या खेळातही तेच: जमिनीवरची कामं, मग भार पेलणं, आणि उंचीवरून खाली येणं शेवटी. पायरी कॅलेंडर पाहून चढायची नसते. आधीची पायरी सूज न येता आणि गुडघा आत न पडता जमली की पुढची. गादी शिवली असेल तर वाकण्याची आणि भाराची मुभा आणखी उशिरा मिळते, म्हणून मैत्रिणीचा तक्ता आपल्याला लागू होत नाही.

बीबीतल्या घरात

शहरातल्या पुस्तिकेत जिम, यंत्रं आणि आठवड्याला तीन वेळा फिजिओ असं गृहीत धरलेलं असतं. गावातल्या घराचे प्रश्न निराळे. पहिला प्रश्न खाली बसण्याचा. मांडी घालून जेवण, उकिडवं बसून भांडी, खाली बसायचं शौचालय: या तिन्हींत गुडघा खोल वाकतो आणि उठताना पिळतोही. पहिल्या काही महिन्यांसाठी शौचालयात उंच बैठकीची खुर्ची, जेवायला स्टूल आणि झोपायला जरा उंच बाज, एवढी सोय ऑपरेशनच्या आधीच करून ठेवावी. शेणाने सारवलेली ओली जमीन, अंगणातला चिखल, मोटारसायकलवर मागे एका बाजूला बसणं, हे धोके फिजिओ विचारणार नाही. आपण होऊन सांगायला हवेत.

दुसरा प्रश्न अंतराचा. बीबीत ग्रामीण रुग्णालय आहे. पण अशा ऑपरेशनसाठी मोठ्या शहराची वाट धरावी लागते, आणि दर दोन दिवसांनी एवढा प्रवास कुठल्याच घराला परवडत नाही. म्हणून प्रत्येक भेटीत तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: आता काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, आणि पुढची पायरी कधी चढायची याची खूण काय. मधल्या काळात बैठक मारतानाची चित्रफीत समोरून काढून फिजिओला मोबाइलवर पाठवली, तर गुडघा आत पडतोय का हे त्यांना दिसतं. यंत्रं नसली तरी अडत नाही. मोजून भरलेली वाळूची पिशवी वजन होते, ओट्याची पायरी चढ-उतारासाठी चालते, सायकलची जुनी ट्यूब ओढायला पुरते. मोजमाप मात्र लिहून हवं: किती किलो, किती वेळा, दुसऱ्या दिवशी सूज किती.

डोळ्यांवर आलेलं ओझं

एसीएल नुसती पट्टी नाही. तिच्यात मज्जातंतूंची टोकं असतात आणि गुडघा कुठे आहे, किती वाकला आहे, हे ती मेंदूला कळवत असते. ती तुटली की हा निरोप कमजोर पडतो. ऑपरेशन झालेल्या लोकांचा मेंदू गुडघा हलवताना पाहिला, तेव्हा दृष्टीशी जोडलेले भाग जास्त काम करताना दिसले. आतून कळणं कमी झालं, म्हणून मेंदू डोळ्यांचा आधार घेतो.

मोकळ्या मैदानावर हे खपतं. पण चढाईत डोळे सहा-सात बचावपटूंवर असतात आणि थरावर ते समोर असतात. पायाकडे पाहायला कुणालाच सवड नसते. म्हणून सरावाच्या शेवटच्या टप्प्यात डोळे मुद्दाम दुसऱ्या कामाला लावतात: एका पायावर डोळे मिटून तोल, उडी मारताना चेंडू झेलणं, वळताना कुणीतरी दाखवलेली बोटं मोजून सांगणं. गुडघ्याने पुन्हा स्वतःची खबर स्वतः द्यायला शिकावं, यासाठी हे सगळं.

परत कधी?

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये १०६ रुग्णांचा अभ्यास मांडला. ऑपरेशननंतर नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण ५१ टक्क्यांनी घटत गेलेलं दिसलं. दुसरीकडे, पंचविशीच्या आतले जे खेळाडू खेळात परततात, त्यांच्यात चारांपैकी जवळजवळ एकाचं एसीएल पुन्हा तुटतं, कधी त्याच गुडघ्यात, कधी दुसऱ्या. नऊ महिने थांबायला सांगणारे डॉक्टर उगाच घाबरवत नसतात.

महिन्यांबरोबर चाचणीही हवी. एका पायावर लांब उडी, एका पायावर सलग तीन उड्या, मांडीची ताकद: यांत ऑपरेशन झालेल्या पायाने दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के कामगिरी करावी, असा प्रचलित निकष आहे. त्यातही एक पेच आहे. दुसरा पायही इतके महिने आराम करून अशक्त झाला असेल, तर ९० टक्के सहज मिळतात आणि दोन्ही पाय कमजोरच राहतात. धडधाकट पायाचा सराव चालू ठेवण्याचं हे आणखी एक कारण.

इथे सांगलीच्या क्रिकेटपटू स्मृती मानधनाची आठवण होणारच. जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश स्पर्धेत तिचं एसीएल दुखावलं. शस्त्रक्रिया झाली, विश्वचषकाची पात्रता स्पर्धा हुकली, आणि २४ जूनला डर्बीत इंग्लंडविरुद्ध तिने ९० धावा केल्या. पाच दिवसांनी टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. मन भरून यावं अशी ही जिद्द आहे. पण तिच्यामागे राष्ट्रीय अकादमीतली रोजची देखरेख होती, आणि फलंदाजीत कुणी घोटा धरून ओढत नाही. तिच्याकडून घ्यायची ती मेहनत. महिने आपल्या गुडघ्याचे मोजायचे.

मनाचंही मोजमाप करतात. ऑपरेशननंतर कुठल्या ना कुठल्या खेळात परतणारे सुमारे ८१ टक्के, पण स्पर्धेच्या खेळात परतणारे साधारण ५५ टक्केच. न परतणाऱ्यांपैकी अनेकांचा गुडघा तयार असतो, भीती गेलेली नसते. त्या भीतीला भित्रेपणा म्हणून हिणवू नये. पहिल्या पकडीला कुणाच्या समोर उतरायचं, हे त्या मुलीला ठरवू द्यावं.

आणि या सगळ्यातून गावाला मिळू शकणारी सर्वांत मोठी गोष्ट अशी, की मऊ उतरणं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवणं, एका पायाचा तोल आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद हे व्यायाम ज्या संघांनी नेमाने केले, तिथे मुलींच्या एसीएलच्या दुखापती निम्म्याच्या आसपास घटलेल्या दिसल्या आहेत. रोजच्या सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं लागतात, मैदान आहे तेच पुरतं, खर्च काही नाही. नऊ महिने आपला गुडघा समजून घेणारी मुलगी हे व्यायाम संघातल्या इतर कुणाहीपेक्षा चांगले शिकवू शकते. प्रशिक्षकांनी तिला पहिल्या महिन्यापासूनच ती जबाबदारी द्यावी. संघ तिच्याविना खेळतोय ही बोच त्याने कमी होईल, आणि तिच्या पाठीमागून येणाऱ्या सहावी-सातवीतल्या मुली पहिल्या उडीपासूनच नीट उतरायला शिकतील.